बागेखालचं गोड पाणी

माळ्याच्या गिरजाबाईवर अन्याय झाला तो १९६३ सालच्या भोगीला, भर दुपारी, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. कोणी केला तेही सांगते. आमच्याच गावच्या माणसांनी केला, आणि हसतमुखानं केला. हे आधीच सांगून टाकते, कारण ललित लेख म्हटला की वाचणारा लोडाला टेकून बसतो आणि फुलं कधी येतात याची वाट पाहतो. फुलं येतील. त्या फुलांचाच मला राग आहे.

या पौषात पुन्हा तूर निघाली. अंगणाअंगणात पेंढ्या बडवणं चालू आहे, शेंगा तडकताहेत, कुटार वाऱ्यावर उडून शेजारच्यांच्या वाळवणात पडतं आणि त्यावरून सकाळीच दोन घरांची जुंपते. तुऱ्हाट्यांचे भारे कुडाला टेकून उभे आहेत. नवी तूर जात्यावर भरडली की जो वास सुटतो, थोडा कच्चा, थोडा मातीचा, तो गल्लीच्या टोकापर्यंत येतो. आई म्हणते, या वासानं भूक लागते. मला चीड येते. दरवर्षी येते. माझी पत्रकं वाचून कंटाळलेले लोक म्हणतात, पोरी, सणासुदीला तरी तोंड गोड ठेव. मी म्हणते, तोंड गोड करायला आधी पाणी गोड लागतं.

आमचं गाव संग्रामपूरच्या बाजूचं, पण पूर्णा नदीकडच्या अंगाला. वर सातपुडा दिसतो. सकाळी निळा, दुपारी धुरकट, संध्याकाळी अगदी हाताशी आल्यासारखा. त्याच्या पायथ्याच्या गावांत विहिरीचं पाणी उसासारखं गोड. तिथून उतरत खाली आलं की पाणी बिघडत जातं, आणि आमच्या शिवारात पोचेपर्यंत चक्क खारं होतं. विहिरीच्या थारोळ्यावर पांढरा थर बसतो. माठाच्या अंगावर मीठ फुलतं, बोटानं खरवडलं तर नखात येतं. साबण फाटतो, केस चिकट राहतात, धुतलेलं धोतर पिवळं पडतं. माळ्यांनी वांगी लावली तर झाडं अर्ध्यात करपतात. या पाण्यानं एक काम मात्र बरं केलं: सगळ्या विहिरी सारख्याच खाऱ्या, म्हणून आमच्या बौद्धपुऱ्यातल्या बायांना विहिरीवर कोणी अडवलं नाही. नासलेल्या वस्तूवर हक्क सांगायला कोण येतो? नाल्यातल्या गोड झिऱ्यावर मात्र रांग लागते, आणि त्या रांगेत कोण पुढं, कोण मागं हे सगळ्यांना न सांगता कळतं.

गिरजाबाईचा मुलगा नामदेव तेव्हा विशीत होता. त्याला मुतखडा झाला होता. कळ उठली की तो बैलाच्या दावणीला धरून वाकायचा, आणि बैल मान वळवून त्याच्याकडं बघत राहायचा. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं की औषध मी देतो, पण गावचं पाणी बंद करा. म्हणजे काय करा? गिरजाबाई पहाटे झिऱ्यावर जायची. तिथं वाटीवाटीनं पाणी साठतं. एक घागर भरायला सूर्य वर यायचा. ती घागर फक्त नामदेवाची. घरातली बाकीची माणसं, ती स्वतः धरून, खारंच प्यायची. सून आणावी तर तेही जमेना. मुलीचा बाप यायचा, अंगणात बसायचा, पाण्याचा तांब्या ओठाला लावायचा आणि तसाच खाली ठेवायचा. पुढं बोलायचं काही उरतच नसे.

आमच्या बापांची राजधानी नागपूर होती. आमच्या वाट्याला मुंबई आली. महाराष्ट्र राज्य होऊन तिसरं वर्ष चालू होतं. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या नव्या होत्या, निवडून आलेल्यांचे सदरे कडक होते. आमच्या गावचे मोठे शेतकरी बापूसाहेब समितीवर निवडून आले होते. त्यांनीच ठरवलं की गावातली माणसं राजधानीला न्यायची, चार ठिकाणं दाखवायची, आणि जाताजाता सचिवालयात मंत्र्यांना भेटून पाण्याचं मागणं घालायचं. ते घालायचं कोणी? बापूसाहेबच म्हणाले, पाण्याचं दुःख बाईनं सांगावं, गिरजाबाईनं सांगावं, साहेबाच्या काळजाला लागेल. मी चावडीवर हजर होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

नांदुऱ्याला आम्ही सगळे, माझी आईही, गाडीत बसलो तेव्हापासून मी गिरजाबाईचं भाषण बसवत होते. मी तेव्हा नुकती पत्रकं लिहायला लागले होते. "पिढ्यान् पिढ्यांची तृषा" असं काहीतरी लिहून नेलं होतं. तिनं ते दोनदा ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाली, "हे माह्या तोंडात बसत नाही व. मी माहं सांगीन." मग भुसावळ गेल्यावर कधीतरी, डब्यातले सगळे पेंगत असताना, ती हळूच म्हणाली, "साहेब, पाणी वरून खाली येते. त्याले फक्त वाट द्या." मला विचारलं, इतकं पुरे का? मी माझा कागद घडी करून कमरेला खोचला. सातपुड्यापासून आमच्या गावापर्यंत सगळा उतार. नळ टाकले तर पाणी आपल्या पायानं चालत येईल. एवढी साधी गोष्ट मला माझ्या सबंध पत्रकात सांगता आली नव्हती.

पहिल्या संध्याकाळी धर्मशाळेच्या मागच्या पडवीत चूल मिळाली. नवी तूरडाळ घरून आणली होती. बायांनी गावच्या सवयीनं ऊन असतानाच डाळ चढवली. आमच्याकडं डाळ चढवून शेतात जायचं, निंदून परत यायचं, तरी ती बोटाखाली टणकच असते. म्हणून पापडखाराची चिमूट टाकली, सवयीनं. मीठ टाकलं नाही, तेही सवयीनं. आणि सगळ्या जणी पाय पसरून बसल्या. भाताचं आधण ठेवायला गिरजाबाई उठली तर पातेल्यात डाळ नव्हतीच. पिवळा लगदा होता.

पंगत बसली. बापूसाहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. अळणी आहे, म्हणाले. कोणी म्हणालं, बायांचं ध्यान समुद्राकडं गेलं. कोणी मला म्हणालं, जपून ठेव बाई ही डाळ, तुझी पत्रकं भिंतीला चिकटवायला खळ झाली. सगळे हसले, मीही हसले. मीठ आणायला निघालेली गिरजाबाई मात्र मध्येच उभी राहिली. तिनं माझ्या आईला विचारलं, "आपण डाळीत मीठ कधी टाकतो व?"

आई म्हणाली, "टाकतच नाही. काऊन टाकावं? पाण्यातच राह्यते."

"मंग पोरं जलमापासून काय खाऊन राह्यले?"

वाढणं पुढं चालू झालं. एक गोष्ट लिहून ठेवते: त्या रात्री गिरजाबाईची आणि माझ्या आईची डाळ एका पातेल्यात होती. गावात ती दोन आळ्यांत, दोन चुलींवर शिजते. इथं कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. जेवणं झाल्यावर गिरजाबाई नळाशी गेली. ओंजळभर पाणी प्यायली, तोंड वाकडं केलं. याला चवच नाही, म्हणाली. पुन्हा प्यायली. मग पदरानं तोंड पुसून नळाच्या तोटीकडं बघत राहिली. माणसं देवाकडं बघतात तशी नाही, सावकाराच्या दारातल्या गाडीकडं बघतात तशी.

दुसऱ्या दिवशी बस केली होती. सोबत दाखवणारा एक गृहस्थ होता, गळ्यात रुमाल, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बघून घ्या, पुढं चला". त्यानं आम्हाला टेकडीवरच्या बागेत नेलं. म्हातारीचा बूट पाहिला. एवढा मोठा बूट घालणारी म्हातारी शेतात किती वाफे तुडवील यावर बायांची चर्चा झाली. मग झुडपं कातरून केलेली जनावरं पाहिली: हिरवा हत्ती, हिरवा जिराफ, हिरवी बैलजोडीसुद्धा. बैल बघून पुरुष खूश झाले. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली तर पानं हाताला लागली, पाण्यानं निथळणारी.

तेव्हा त्या गृहस्थानं सहज सांगितलं की ही बाग आहे ना, हिच्याखाली पाण्याची टाकी आहे, आख्खी टाकी, शहराला पाणी इथून जातं. बघून घ्या, पुढं चला.

गिरजाबाई पुढं गेली नाही. ती हिरवळीवर बसली आणि तळहात गवतावर टेकला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकावा तसा. तिनं त्या माणसाला बोलावून विचारलं की पाणी नेमकं कुठं आहे. तुम्ही बसलात तिथंच, आजी, तो म्हणाला. वर बाग कशाला? शोभेला. आणि या झाडांना कोणतं पाणी घालता? तो हसला. दुसरं कुठलं आणणार?

ती उठली तेव्हा तिच्या हाताला गवत चिकटलं होतं. तळहात पुसत ती बसमध्ये चढली. मग म्हणाली, "हत्तीले पाजून राह्यले, पाह्य."

मी पत्रकं लिहिते, मला आकडे, ठराव, मागण्या यांची भाषा येते. त्या बागेनं माझी ती भाषा काही काळ बंद पाडली. गोड पाण्याच्या तळ्यावर माणसं हिंडत होती, पोरं झोके घेत होती, एक जोडपं भेळ खात होतं. कोणाचाच दोष नव्हता, आणि म्हणूनच राग कुठं ठेवावा ते कळेना. राग ठेवायला जागा लागते. दुसऱ्या दिवशी ती मिळाली.

संध्याकाळी समुद्राकाठची ती मोठी कमान पाहिली. बापूसाहेब तिच्याखाली उभे राहिले आणि मान वर करून इतका वेळ बघत राहिले की त्यांची टोपी पडली. कोणी बांधली, का बांधली, दगड कुठला, त्यांनी सगळं विचारलं. दाखवणारा म्हणाला, विलायतेचा राजा आला होता त्याच्या मानासाठी. मग राजा हिच्याखालून गेला असंल? नाही, राजा येऊन गेला, नंतर कमान झाली. "पाव्हणा गेल्यावर मांडव," गिरजाबाई म्हणाली आणि आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो. बापूसाहेब हसले नाहीत. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. आता मला माहीत आहे ते काय मोजत होते.

भोगीचा दिवस उजाडला. गावाकडं त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळ्या शेंगांची एक भाजी. इथं धर्मशाळेत चहा-पाव. सचिवालयाची भेट दुपारची होती. गिरजाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. त्या आधी बापूसाहेबांनी बस वस्तुसंग्रहालयाशी थांबवली. नागपूरकडच्या सवयीनं आमच्या बाया त्याला अजब बंगला म्हणतात. तुम्ही तवर पाहून घ्या, म्हणाले, आम्ही वेळ पक्की करून येतो, मग सोबत जाऊ. ते आणि चार पुरुष बाहेरच्या बाहेर गेले.

आम्ही पाहिलं. हात नसलेले देव, नाक नसलेल्या देवी, पेंढा भरलेली जनावरं, तलवारी, ज्यांची धार आता काचेलाच लागते. पाट्या इंग्रजीत. खाली बसलो तर पहारेकरी उठवायचा, बाकावर बसलो तर दुसरी माणसं येऊन उभी राहायची. सगळी दालनं संपली. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. शेवटी एका रांजणाशी येऊन थांबलो. जमिनीतून उकरून काढलेला, फार जुन्या कुठल्या गावाचा, मातीचा, पोटावर काळ्या रेघा. एवढा जुना असून शाबूत. तो काचेत होता आणि आत अर्थातच कोरडा. गिरजाबाईनं डोळ्यांनीच त्याचं माप घेतलं. आपल्या दोन घागरी मावतील, म्हणाली. मग काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडं बघून ती ओठ हलवू लागली. मी जवळ गेले. ती आपलं वाक्य घोकत होती. साहेब, पाणी वरून खाली येते.

ज्या वेळी ती हे रांजणाला सांगत होती, त्याच वेळी सचिवालयात भेट चालू होती.

ते परत आले तेव्हा आम्ही बाहेर पायऱ्यांवर होतो. एकाच्या हातात उरलेला हार, सगळ्यांच्या तोंडात पान, कपड्यांना अत्तराचा वास. बापूसाहेब खुशीत होते. म्हणाले, काम फत्ते झालं, फोटोही निघाला.

गिरजाबाईनं विचारलं, "पाण्याचं सांगतलं का भाऊ?"

तिथं वेळच नव्हता, ते म्हणाले. पाच जणांनाच आत घेतलं, माणसं रांगेत, साहेब घाईत. पाण्याचा विषय लांबलचक, नकाशे लागतात, इंजिनियर लागतो. म्हणून जे चटकन होण्यासारखं होतं ते मागितलं. गावाच्या वेशीवर कमान. साहेबांनी मान डोलावली, टिपून घेतलं.

मला कंठ फुटला नाही असं नाही, मी बोलले, बरंच बोलले, आणि त्यातलं बहुतेक इथं छापता येणार नाही. बापूसाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नाहीत. आमच्या मोर्च्याला पुढं त्यांनीच बैलगाडी दिली. ते मला समजावत म्हणाले, "पाणी आलं तर जमिनीखालून येईल, कोणाले दिसत नाही पोरी. कमान सगळ्यांले दिसते. गावाले नाव होते."

त्यांच्या घरी पायथ्याच्या गावाहून गाडीवर पिंपात पाणी येतं. त्यांना पाणी दिसत नाही हे खरंच होतं.

गिरजाबाई ओरडली नाही. एक पायरी खाली उतरली, म्हणजे त्यांच्या बरोबरीला आली, आणि म्हणाली, "मंग मले आणलं काऊन?"

"मुंबई पाह्याले," बापूसाहेब म्हणाले. आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपण तिला मोठी देणगी दिली असाच त्यांचा चेहरा होता.

त्या पायऱ्यांचा, त्या चेहऱ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गरिबाला आपल्याकडं कोणी नाही म्हणत नाही. त्याला दाखवतात. हे पाहा, ते पाहा, राजवाडा पाहा, टाकी पाहा, पुढं चला. बघायला बंदी नाही; बोलायला मात्र आत पाच जणांचीच जागा असते, आणि ते पाच कोण हे अजब बंगल्याच्या बाहेर ठरलेलं असतं. आम्हा बायांना त्या दिवशी काचेबाहेर उभं केलं होतं असं मी एकदा भाषणात म्हणाले, टाळ्या पडल्या. आता ते वाक्य मला आवडत नाही. टाळ्या पडून झाल्या आणि मुद्दा तिथंच राहिला.

संक्रांत गाडीत झाली. सगळ्यांनी काही ना काही घेतलं होतं, शिंपल्याच्या डब्या, देवादिकांच्या तसबिरी, बापूसाहेबांनी कमानीचं चित्र. गिरजाबाईच्या मांडीवर घासलेटचा धुऊन-धुऊन वास घालवलेला डबा होता, झाकणावर फडकं आवळलेलं. धर्मशाळेच्या नळाचं पाणी. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तिळगूळ देताना हात जोडून विचारलं, गंगाजल का हो? "हाव," ती म्हणाली. आणि साऱ्या रस्ताभर तिनं तो डबा कोणाच्या पायाला लागू दिला नाही.

नामदेव ते पाणी प्यायला. चार दिवस पुरलं.

आता तो पायथ्याच्या गावी मामाकडं असतो. त्याच्या पोटात कळ उठत नाही, अंग भरलं आहे, तिकडंच एकाचा मळा बटाईनं करतो, वांगी पिकवतो. आई इकडं खाऱ्यात, लेक तिकडं गोड्यात. मध्ये एका सकाळची चाल आणि सगळा उतार. तो भेटीला आला की ती त्याला पाणी देत नाही. ताक देते, नाहीतर म्हणते, घोटभर चहा घे आणि दिवस आहे तवर निघ. आपल्या लेकाला घरात राहू नको म्हणणारी दुसरी आई मी पाहिली नाही.

कमान मात्र झाली. दुसऱ्याच वर्षी झाली. सिमेंटची, वर दोन कळस, मध्ये गावाचं नाव, खाली बापूसाहेबांच्या वडिलांचं. उद्घाटनाला मांडव पडला, पेढे वाटले. झिऱ्यावरून परतणाऱ्या बाया तिच्याखालून येतात. डोक्यावर दोन भांडी असली तरी वाकावं लागत नाही, इतकी उंच आहे. तेवढा विचार केलेला दिसतो.

आम्ही अर्ज केले, मोर्चे नेले, पत्रकं वाटली. प्रत्येक वेळी कोणीतरी शिकलेला मनुष्य म्हणतो, तुमची व्यथा आम्ही वर पोचवू. व्यथा पोचवणारे पुष्कळ झाले. व्यथा पोचते, तिथं तिची कमान होते.

तर आता तुम्हाला सांगते, जे हे वाचत आहात त्यांना. तुमच्यापैकी कोणाचा मेहुणा सचिवालयात असेल, कोणाचा वर्गमित्र आमदार असेल, कोणाला त्या जिन्यावर पहारेकरी ओळखत असेल. तुमची हळहळ मला नको. पत्रही लिहू नका. गिरजाबाईला सोबत न्या. तूर निघाली आहे, शेतात आता तिचं फारसं काम नाही, ती कधीही येईल. तिला अजब बंगला दाखवू नका, बाग दाखवू नका, समुद्रही नको. स्टेशनावरून सरळ न्या. दाराशी पोचलात की दार उघडा, तिला आधी आत जाऊ द्या, आणि आत गेल्यावर तुम्ही बोलू नका.